भिंतीकडची चाकं

धोंडू तोरस्करांना चकाल्यात धोंडू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांची बायको सुगंधासुद्धा चारचौघांत त्यांना ‘मास्तर’च म्हणायची. ही पदवी कुठल्या शाळेने दिलेली नव्हती, ती त्यांच्या पाटीने दिली होती. अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या बसथांब्यामागच्या चाळीच्या तोंडाशी ती लटकत असे. ‘तोरस्कर मोटर ट्रेनिंग स्कूल. प्रोप्रा. डी. बी. तोरस्कर. स्त्रियांना खास शिकवले जाईल.’ एक जुनी फियाट, एक लाकडी बाक आणि एक मास्तर, एवढाच त्या स्कूलचा पसारा.

त्याआधीची वीसेक वर्षं ते परळच्या एका गिरणीच्या साहेबांचे ड्रायव्हर होते. तिथे त्यांना नावच नव्हतं. ‘ड्रायव्हर, गाडी काढ’, ‘ड्रायव्हरला म्हणावं थांब’ असं चालायचं. संप झाला, गिरणी बसली ती पुन्हा उठलीच नाही, साहेब मुलाकडे परदेशी निघून गेले आणि जाताना फियाट ड्रायव्हरच्या पदरात टाकून गेले. ड्रायव्हरने तिला नवा रंग दिला, डावीकडे जादा क्लच-ब्रेक बसवून घेतला, टपावर लाल ‘एल’ लावला आणि शिकवणी सुरू केली. पहिल्याच आठवड्यात कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी ‘मास्तर, आता ब्रेक दाबू का?’ असं विचारलं. मास्तर हा शब्द कानावर पडल्यावर त्यांना इतकं भरून आलं की उत्तर द्यायचं राहून गेलं आणि गाडी फुटपाथला जाऊन टेकली. पण तो दिवस त्यांच्या आयुष्यातला फार मोठा दिवस होता. त्या एका शब्दासाठी ते पुढे पहाटे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसायला लागले.

आता मास्तर म्हटलं की शिस्त आली. तोरस्कर मास्तरांची शिस्त म्हणजे प्रदक्षिणा. गाडीत बसण्याआधी गाडी आपल्या उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारायची. चारी चाकं नीट बघायची, नटांवरून हात फिरवायचा, वाकून खाली तेल गळतंय का बघायचं, सावलीला कुत्रं झोपलं असेल तर त्याला उठवायचं आणि मगच दाराला हात लावायचा. एका बँकवाल्या गृहस्थांनी नारळ पण आणू का म्हणून विचारलं होतं. मास्तर हसले नाहीत. ज्याची प्रदक्षिणा चुकली त्याला त्या दिवशी स्टीअरिंग मिळायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. त्या बँकवाल्यांना त्यांनी सकाळभर बाकावर बसवून ठेवलं होतं. लोक बाहेर जाऊन त्यांची नक्कल करायचे, पण शिकायला त्यांच्याकडेच यायचे, कारण तोरस्करांकडे शिकलेला माणूस सहसा कुठे धडकत नाही अशी ख्याती होती.

तर अशा या मास्तरांच्या गाडीची दोन चाकं एका रात्रीत चोरीला गेली.

सकाळी येऊन बघतात तर फियाटची गटाराकडची डावी बाजू विटांवर टेकलेली. पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं गायब. चोरांनी विटा मात्र नीट रचून ठेवल्या होत्या, गाडीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. चाळीतली माणसं टूथब्रश तोंडात धरून बघायला जमली. गाडी कुठे लावावी, कशी लावावी यावर ज्यांनी साऱ्या गल्लीला व्याख्यानं दिली होती, त्यांचीच गाडी अशी लंगडी झालेली. मास्तरांनी घरातून पलंगावरची चादर आणली आणि विटांच्या बाजूने गाडीवर टाकली. माणसं गेली तरी चादर तशीच ठेवली.

चाकं विकत घ्यायची तर तेवढी ऐपत त्या महिन्यात नव्हती. शिकवणी बंद ठेवायची तर दोघा-तिघांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि पलीकडच्या गल्लीत नव्या कोऱ्या मारुतीवर शिकवणारं एक स्कूल उघडलं होतं. मास्तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे गेले. तिथे कुठल्याशा मोडीत निघालेल्या परदेशी गाडीची दोन चाकं मिळाली. दिसायला झकास, टायरही बरे, आणि मुख्य म्हणजे चार भोकं फियाटच्या चार बोल्टांवर बरोबर बसली. मास्तरांना वाटलं, नशीब उघडलं. पण गाडी दोन हात पुढे नेली तशी खर्रर्र आवाज यायला लागला. त्या चाकांचं पोट फियाटच्या चाकांपेक्षा आत गेलेलं होतं, त्यामुळे टायरची आतली कड गाडीच्या दांड्याला घासत होती.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात श्यामसुंदर नावाचा टर्नर लेथ चालवायचा. मास्तरांच्याच वयाचा, त्याच गिरणीतून बाहेर पडलेला. त्याने बघितलं आणि सांगितलं की चाक बाहेर ढकलायचं तर मध्ये चकती घालावी लागेल. तो तिला स्पेसर म्हणाला. गॅरेजवाले तिला सरसकट वायसर म्हणतात. त्याने बोटभर जाडीच्या दोन गोल चकत्या कातल्या, त्यांना चार-चार भोकं पाडली, चकती आत आणि चाक बाहेर असं बसवून दिलं. घासणं थांबलं. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकवायला लागली एवढंच. पण श्यामसुंदरचा चेहरा काही खुलला नाही. चकतीने बोल्टाची लांबी खाल्ली होती, नटाला धरायला आटे अर्धेच उरले होते. त्याने बजावलं की लांब बोल्ट घालून घे, ते मिळेपर्यंत लांबचा पल्ला मारू नको आणि नट रोज आवळत जा.

“तात्पुरतं आहे रे,” मास्तर म्हणाले.

हा तात्पुरतं शब्द मोठा लबाड आहे. आपल्याकडे जे म्हणून वर्षानुवर्षं टिकतं, ते सगळं आधी तात्पुरतं म्हणूनच येतं. लांब बोल्ट पुढच्या सोमवारी घालायचे होते. सोमवारी कोणाची तरी परीक्षा निघाली. त्याच्या पुढच्या सोमवारी श्यामसुंदर गावी गेला. त्यानंतर मास्तरांनी सोमवार मोजायचंच सोडून दिलं, कारण गाडी चालत होती.

अडचण होती ती प्रदक्षिणेची. जो शिष्य गाडीभोवती फिरणार, चाकं बघणार आणि नटांवर हात फिरवणार, त्याला डावीकडची दोन चाकं गाडीबाहेर आलेली दिसणारच. त्याला मध्ये चकती दिसणार, नटाबाहेर बोल्टाचं टोक दिसत नाही हेही दिसणार, कारण ते बघायला मास्तरांनीच शिकवलं होतं. मग मास्तरांनी युक्ती काढली. गाडी ते कंपाउंडच्या भिंतीला डावीकडून इतकी खेटून लावायला लागले की मधून हवा गेली असती, माणूस गेला नसता. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं. चोर पुन्हा आले तर?

भिंतीमुळे प्रदक्षिणा आपोआप बंद पडली. ‘आता जागा नाही ना,’ मास्तर म्हणायचे, आणि शिष्य सुटलो म्हणून हसायचे. पण मास्तरांच्या बाजूचं दार आता उघडायचं नाही. मग त्यांना उजव्या दाराने आत शिरून, सलग सीटवरून ढुंगण घासत डावीकडे सरकावं लागायचं. इस्त्रीचा शर्ट चुरगळायचा, स्टीअरिंग पोटाला लागायचं. बायका-मुली बाहेर उभ्या राहून दुसरीकडे बघायच्या. मास्तर घाम पुसत सरळ बसायचे आणि करड्या आवाजात आरसा नीट करायला सांगायचे.

पहाटे, शिष्य यायच्या आधी, ते गाडी भिंतीपासून जरा दूर घेत, पाना घेऊन खाली बसत आणि आठही नट आवळत. रोज एखादा तरी पाव फेरा फिरायचाच. फिरला की ते बाकीचे पुन्हा एकदा तपासत. त्या वेळी कोणी गल्लीत शिरलं तर ते पटकन फडकं काढून चाक पुसायला लागत. सुगंधा एकदा चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. “ही चाका खयची हाडलास?” तिने विचारलं. मास्तर म्हणाले, कुठून का आणली असेनात, तात्पुरती आहेत. कप ठेवून ती लगेच गेली नाही. नवऱ्याला फडक्याने चाक पुसताना तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

शकु अहिरे त्यांची सगळ्यात चांगली शिष्या. मरोळच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायची, राहायची घाटकोपरला भटवाडीत. तिचे वडील भीमराव पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेले. त्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली होती. तिच्यातून वर्षातून दोन-चारदा सगळं कुटुंब नाशिककडच्या गावी जायचं. भीमरावांची नजर आता मंदावायला लागली होती, घाटात त्यांच्याकडून स्टीअरिंग घ्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून शकु शिकत होती. वडिलांनी तिला स्वतः शिकवलं असतं, पण त्यांचंच म्हणणं पडलं की बापाकडे पोरगी रडते, मास्तराकडे शिकते. घरी ती तोरस्करांना ‘माझे मास्तर’ म्हणायची, हे तिनेच एकदा सांगितलं होतं. ते ऐकून मास्तरांनी त्या दिवशी तिला अर्धा तास जास्त शिकवलं.

शकु चोरीच्या आधीपासूनची. तिच्या अंगात प्रदक्षिणा मुरली होती. एक दिवस ती लवकर आली आणि मास्तर समोरून चप्पल घालून येतायत तोवर ही बारीक अंगाची मुलगी भिंत आणि गाडी यांच्यामध्ये शिरली. पाठ भिंतीला, पोट गाडीला असं करत ती मागच्या चाकापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली.

“मास्तर, ही चाकं बाहेर का आलीत ओ?”

खरं सांगायला तेव्हा फक्त दोन वाक्यं लागली असती. मास्तरांच्या जिभेवर ती आलीही होती. पण मुलगी गाडीआडून त्यांच्याकडे ज्या विश्वासाने बघत होती, तो बघून त्यांची जीभ वळली. ते म्हणाले, “फॉरेनची आहेत ती. चाक जरा बाहेर घेतलं की गाडी रस्त्याला धरून चालते. वळणावर डुलत नाही.”

“आणि ही मधली चकती?”

“तीच तर खरी गंमत. मुद्दाम घालून घेतलीय.”

शकुने चकतीवर आपलं बोट आडवं धरून जाडी बघितली. बोटभर. तिने मान डोलावली आणि गाडीआडून बाहेर आली. तिच्या ओढणीला भिंतीचा चुना लागला होता. मास्तरांनी तिला तो झटकायला सांगितला आणि विषय संपवला.

थाप एकदा मारली की ती आपली आपण वाढते. आठवड्याभरात मारुतीवाल्या स्कूलपर्यंत बातमी गेली की तोरस्करांनी परदेशी चाकं बसवलीत. दोन कॉलेजची पोरं मुद्दाम बघायला आली. बँकवाल्या गृहस्थांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की मास्तर तुम्ही काळाच्या पुढे आहात. मास्तरांना आधी लाज वाटली, मग लाजेची सवय झाली आणि पुढे पुढे तर त्यांना त्या थापेत थोडं तथ्य वाटायला लागलं. वळणावर गाडी खरंच कमी डुलते की काय, असं ते अधूनमधून मनाशी म्हणायचे. फक्त पहाटेचा पाना काही सुटला नाही.

मग एक दिवस मरोळ-मरोशी रस्त्यावर शकु गाडी चालवत होती. रस्ता मोकळा होता, मास्तरांनी तिला चौथा गिअर टाकायला सांगितलं होतं. मागून कट् कट् असा आवाज यायला लागला, मग सीट थरथरायला लागली. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक हळूहळू दाबून गाडी कडेला घेतली आणि तिला आतच बसायला सांगून ते उतरले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट कुठेतरी पडून गेला होता. दुसरा त्यांनी बोट लावलं तसा गरगर फिरला. उरलेले दोन कसेबसे धरून होते. मास्तर तिथेच चाकाला धरून उकिडवे बसले. आणखी फर्लांगभर गेलो असतो तर चाक एकीकडे आणि आपण एकीकडे, आणि ही पोरगी स्टीअरिंगवर.

“काय झालं, मास्तर?” शकुने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

“हवा कमी आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी होते ते तीन नट आवळले आणि गाडी स्वतः चालवत, सायकलींना पुढे जाऊ देत परत आणली. शकुला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिने तसं विचारलंही. मास्तर म्हणाले, चौथा गिअर जरा घाईने टाकलास. म्हणजे आपला दोष त्यांनी वर तिच्याच माथी मारला. उद्याच्या उद्या लांब बोल्ट घालायचे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नट आणला. बोल्ट तेच राहिले.

शकु परीक्षा पास झाली. लायसन हातात आल्यावर शनिवारी दुपारी ती पेढे घेऊन आली आणि बाकावर बसलेल्या मास्तरांच्या वाकून पाया पडली. आमच्या घरात गाडी चालवणारी पहिली बाई मी, असं तिने सांगितलं. मास्तरांनी पेढा तोंडात टाकला. मग ती आनंदाने पुढचं सांगायला लागली. उद्या सकाळी सगळे गावी निघणार होते. चुलतभावाचं लग्न होतं. आजी होती, आई होती, बहिणीची दोन लहान मुलं होती. कसारा घाटात थोडा वेळ ती चालवणार होती. आणि घाटात गाडी डुलते म्हणून बाबांनी मास्तरांसारख्याच चकत्या करून घेतल्या होत्या, चारही चाकांना. जाडी तिनेच सांगितली होती, बोटभर. कारागीर कुरकुरत होता, पण बाबांनी त्याला ऐकवलं की आमच्या मास्तरांच्या गाडीला आहेत, तुला काय कळतंय.

चार चाकं, सोळा नट, घाट, भरलेली गाडी. त्यांनी शकुकडे बघितलं. ती त्यांच्या शाबासकीची वाट बघत होती.

“वा,” मास्तर म्हणाले. “झकास.”

शकु गेली. ती बसथांब्यापर्यंत जाईपर्यंत मास्तर तिच्या पाठीकडे बघत राहिले. हाक मारायची होती. हाक तोंडातून फुटली नाही. ती बसमध्ये चढली, बस गेली, आणि मग मास्तर उठून उभे राहिले. आता उभं राहून काय उपयोग होता? आपण केवढे नीच आहोत, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. एका मुलीच्या तोंडून ‘मास्तर’ ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी तिला गप्प बसून मरणाच्या रस्त्याला लावलं होतं.

संध्याकाळी सुगंधाने ताट वाढलं. मास्तरांनी भाताला हात लावला नाही. ती समोर बसली आणि काय झालंय ते सांगितल्याशिवाय ताट उचलणार नाही म्हणाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. चकत्या, भिंत, थाप, मरोशीचा नट, भीमरावांची गाडी. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, “मगे हय कित्याक बसलास? जावा थंय.”

तिने तिकडे जायला सांगितलं तरी ते रविवारी उजाडेपर्यंत थांबले. सकाळी शर्ट घातला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, खाली आले. भिंतीला खेटलेली फियाट बघितली. घाटकोपर काही फार लांब नव्हतं, पण साकीनाक्याचा चढ होता, खड्डे होते. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ते बसथांब्याकडे चालायला लागले.

भटवाडीत पोचले तेव्हा अँबॅसिडर दारातच उभी होती. टपावर वळकट्या बांधलेल्या. मागच्या सीटवर शकुची आजी सोनूबाई दोन पतवंडांना मांडीशी घेऊन आधीच जाऊन बसली होती. चारही चाकं मडगार्डबाहेर आलेली, अगदी मास्तरांच्या गाडीसारखी. भीमराव बादलीतल्या पाण्याने काच धूत होते. मास्तरांना बघून त्यांनी फडकं टाकलं, ओल्या हातांनी जय भीम केला आणि आतल्या लोकांना हाक मारली की शकुचे मास्तर आलेत. शेजारपाजारचे दोघे-चौघेही पुढे आले. शकु धावत बाहेर आली. आपल्याला निरोप द्यायला मास्तर अंधेरीहून आले, हे तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

मास्तर येताना बसमध्ये वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं खरं वाक्य सोडून बाकीची सगळी तोंडातून बाहेर पडली. आज नाही गेलात तर नाही का चालणार, असं विचारून झालं. लग्न आजच आहे, भीमराव हसून म्हणाले. टायरमध्ये हवा जास्त वाटते, असं सांगून झालं. भीमरावांनी काल संध्याकाळीच तपासून घेतली होती. मग मास्तर म्हणाले, या चकत्या घाटात नको, उतरल्यावर लावा. भीमरावांना नवल वाटलं.

“घाटासाठीच तर लावल्या, मास्तर. तुमीच पोरीला सांगितलं ना, गाडी डुलत नाय म्हणून? तुमच्या गाडीलाबी हायतच की.”

“आहेत.”

“मग? कुठं लावली गाडी तुमची? आना हिकडं, आमची माणसं बघतील तरी.”

मास्तरांनी खाली बघितलं. साबणाचं पाणी त्यांच्या चपलेखाली येत होतं. आजूबाजूची माणसं त्यांची गाडी बघायला गल्लीच्या तोंडाकडे माना वळवत होती.

“नाही आणली,” ते म्हणाले. “बसने आलो.”

“का बरं?”

“एवढ्या लांब आणायची भीती वाटते.”

मग मास्तरांनी उरलेलं सगळं सांगून टाकलं. चाकं चोरीला गेल्यावर मोडीतली बसवली होती. ती घासत होती म्हणून चकत्या घातल्या होत्या. गाडी डुलत नाही वगैरे सगळी थाप. चकती घातली की नटाला आटे पुरत नाहीत, नट सुटतात, माझा सुटला होता. हे सांगताना ते कोणाच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना साऱ्या आळीसमोर कळलं.

भीमराव टँकरवर सगळी हयात काढलेला माणूस. तो ओरडेल, अंगावर येईल, अशी मास्तरांनी वाट बघितली. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. भीमराव पुढच्या चाकाजवळ बसले आणि त्यांनी नटाच्या तोंडाशी बोट घालून बघितलं. बोल्ट नटात कुठल्या कुठे आत राहिला होता. मग ते उठले.

“आनि त्या गाडीत तुमी माझी पोरगी बसवली,” ते म्हणाले.

त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.

त्यांनी डिकी उघडून जॅक आणि पाना काढला. सोनूबाईला आणि पोरांना गाडीतून उतरवलं. तासाभराचं काम होतं. चकत्या काढल्या की गाडीची मूळचीच चाकं पूर्वीसारखी बसणार होती, लग्न काही चुकणार नव्हतं. मास्तर बाह्या वर सारून पुढे झाले आणि त्यांनी पान्याला हात घातला. भीमरावांनी तो हात बाजूला केला, रागाने नाही, सावकाश.

“ऱ्हाऊ द्या. मी करतो.”

मास्तर मागे सरले. सोनूबाईला शेजारच्या ओट्यावर आणून बसवलं होतं. तिला कमी ऐकू यायचं, झाला प्रकार तिच्या ध्यानात आला नव्हता. गाडीतून का उतरवलं ते तिला कळेना आणि हा इस्त्रीच्या शर्टातला माणूस उन्हात का उभा आहे तेही कळेना. पाव्हण्याला बसायला द्या, चहा द्या, असं ती दोनदा म्हणाली. शकु आतून चहा घेऊन आली. तिने कप मास्तरांच्या हातात दिला. तिची नजर कपावरच होती.

“कोन गं हे?” सोनूबाईने मोठ्याने विचारलं. “तुजे मास्तर का?”

शकु आजीच्या कानाशी वाकली, पण आजीला ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानेच बोलावं लागलं.

“नाही आजी,” ती म्हणाली. “अंधेरीचे एक जण आहेत. गाडीचं सांगायला आलेत.”

सोनूबाईने बरं बरं म्हणून मान हलवली आणि परत पतवंडांकडे वळली. भीमराव दुसऱ्या चाकाचे नट सोडत होते. धोंडू तोरस्कर कप हातात धरून उभे राहिले. चहा प्यावा की तसाच ठेवून निघावं, हेसुद्धा त्यांना ठरवता येईना.